मोजणारे ठोसर सर

"उगाच एक. उगाच दोन. उगाच तीन."

हे माझ्या मानेमागून ऐकू येत होतं, आणि माझ्या हातात एका रिक्षावाल्याचं अपेंडिक्स होतं.

मानेमागे एका स्टुलावर चढून जे गृहस्थ उभे होते, ते डॉ. यशवंत ठोसर. उंची पाच फूट एक इंच. ठाण्याला माजिवड्याजवळच्या आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात सर्जरीचे प्रमुख. मी तिथे सर्जरी शिकायला नुकतीच लागलेले, पहिल्या वर्षाची रेसिडेंट. उंची पाच फूट आठ, त्यामुळे माझ्यावर नजर ठेवायला सरांना स्टूल लागायचं. ऑपरेशन मी करत होते, त्यांनी नुसतं बघायचं होतं. पण बघताना ते मोजत होते.

काय मोजतात ते मला ठाऊक नव्हतं. चिमटा उचलला आणि काही न पकडता परत ठेवला, की मागून "उगाच चार." कात्री हवेतच दोनदा उघडली-मिटली, की "उगाच पाच, उगाच सहा. हवा कापू नका सोनावणे, हवा निरोगी आहे." सुई तिसऱ्यांदा पकडली, की "उगाच सात. पकडलीत ना? मग आता पकडली आहे असं समजा."

शेवटचा टाका घातला तेव्हा मला घामाने अंघोळ झालेली. सर स्टुलावरून उतरले, टोपी काढली, आणि जरा हिशेब करून म्हणाले, "एकशे चार. त्यातले तीन वजा करा. मी शिंकलो तेव्हा तुम्ही दचकलात. ते माझ्या नावावर."

आणि निघून गेले.

मला रडू येतंय हे बघून म्हात्रे सिस्टर जवळ आल्या. त्या ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, इन्चार्ज. राहायला कोपरला, मूळच्या तिथल्याच, आगरी. वीसेक वर्षं सरांच्या हातात हत्यारं देत आलेल्या. कामाच्या वेळी त्या पुस्तकी मराठी बोलायच्या, पण कुणाचा जीव मेटाकुटीला आला की थेट घरच्या बोलीत शिरायच्या.

"अगो, कला रडतस?" त्या म्हणाल्या. "ते तुज्या हातांना बोलतान, तुना नाय."

त्यांनीच मग समजावलं. सर्जनच्या हाताची जी हालचाल केली नसती तरी चाललं असतं, ती सरांच्या भाषेत 'उगाच'. सरांचं म्हणणं असं, की पोट उघडलेला माणूस टेबलावर झोपलाय, आत जेवढ्या वेळा हात फिरेल तेवढा त्याला त्रास. त्यामुळे चांगला सर्जन कोण, तर ज्याचे उगाच कमी. बाकी डिग्री, मेडल वगैरे भिंतीवर लावायला ठीक.

आमच्या कपडे बदलायच्या खोलीत मग क्रिकेटच्या स्कोअरसारखं चालायचं. ओटीतून कुणी बाहेर आलं की पेशंट कसा आहे याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न, "किती?" माझ्या बरोबरीचा निखिल परब, कल्याणचा, धिप्पाड आणि हसरा. त्याने एका साध्या हर्नियात एकशे एकसष्ट काढलेले. तो विक्रम पुढे कुणालाच मोडता आला नाही. निखिल सांगायचा, की शंभराच्या पुढे गेल्यावर सरांचा आवाज बसला आणि शेवटचे साठ त्यांनी बोटांवर दाखवले.

सर स्वतः ऑपरेशन करायचे तेव्हा मात्र काही घडतंय असंच वाटायचं नाही. दोन्ही हात संथ, जवळजवळ आळशी. घाई नाही, झटापट नाही. आपण आता काहीतरी बघायला मिळेल म्हणून मान पुढे करावी, तर ते संपलेलं असायचं.

खरं तर मुलाखतीलाच मला कळायला हवं होतं. बाकीच्या दोन डॉक्टरांनी मला रीतसर प्रश्न विचारले. ठोसर सरांनी टेबलाच्या खणातून एक डाळिंब काढलं, पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "सोला. दाणा फुटता कामा नये." मी सोललं. शहाडला आमच्या घरी आईला कायम अशक्तपणा, त्यामुळे डाळिंब सोलण्यात माझं बालपण गेलं होतं. दोन दाणे फुटले. सरांनी वाटी पुढे ओढली, बाकीच्यांची मुलाखत होईपर्यंत सगळे दाणे एकेक करून खाल्ले आणि म्हणाले, "गोड आहे. घ्या हिला."

निखिलच्या वेळी डाळिंबाचा जो काही प्रकार झाला तो त्याच्या पांढऱ्या शर्टावर पुढे वर्षभर दिसत होता. तरी त्याला घेतलं. मी एकदा धीर करून सरांना कारण विचारलं. ते म्हणाले, त्याने जाताना टेबल पुसलं. हात शिकवता येतात, टेबल पुसणं शिकवता येत नाही.

त्या एकशे चारनंतर मी घरी गाठी मारायचा सराव सुरू केला. सर्जनला एका हाताने, न बघता, दोऱ्याची गाठ मारता यावी लागते. सरांचा नियम रोज दोनशे गाठींचा. आमच्या घरातली ज्याला ज्याला कडी किंवा दांडा आहे अशी प्रत्येक वस्तू दोऱ्यांनी माखली. कुकरचा दांडा, कपाटाची मूठ, पप्पांच्या चष्म्याची काडी. आईला एकदा कढईच उचलता येईना, कारण ती झाऱ्याला बांधलेली होती. ती शांतपणे म्हणाली, शेजारची पोर डॉक्टर झाली तेव्हा तिच्या आईला तिने साडी आणलेली.

पप्पा मात्र खूष. ते एका कारखान्यात फिटर होते, नुकतेच रिटायर झालेले. त्यांना ठोसर सर न भेटताच पटले. ते म्हणाले, आमच्यात पण असाच एक मेस्त्री होता, पाना उचलल्याच्या आवाजावरून सांगायचा की चुकीचा उचललाय. अशा माणसाच्या हाताखाली त्रास होतो, पण नंतर दुसरीकडे कुठे त्रास होत नाही.

सरांचं मोजणं ओटीपुरतंच राहतं असा माझा समज होता. तो एका रविवारी गेला. मी काही खरेदीला डोंबिवलीला गेलेले. स्टेशनबाहेरच्या बाजारात एका गजरेवाल्या बाईंसमोर ठोसर सर हातात रिकामी पिशवी घेऊन उभे. सर डोंबिवलीतच राहायचे हे माहीत होतं, पण गजऱ्यांशी त्यांचा काय संबंध ते कळेना. मी नमस्कार केला. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि बाईंच्या हातांकडे दाखवलं.

बाई मोगऱ्याच्या कळ्या दोऱ्यात ओवत नव्हत्या, बांधत होत्या. डाव्या हातात कळ्या, उजव्या हातात दोरा, आणि नजर समोरच्या गिऱ्हाइकावर. तोंडाने भाव चाललेला. हाताखाली गजरा नुसता लांब होत चाललेला.

"वीस मिनिटं झाली," सर कुजबुजले. "शून्य."

त्या बाईंचं नाव हौसाबाई. पुढच्या गुरुवारी दुपारी सेमिनारला आम्ही वह्या-पेनं घेऊन बसलो, तर व्याख्यात्याच्या खुर्चीत हौसाबाई. शेजारी मोगऱ्याची टोपली. सरांनी त्यांची ओळख करून दिली ती अशी, की या तीस वर्षं रोज हजारभर गाठी मारतात, एकही सुटत नाही आणि आजवर एकही कळी चिरडलेली नाही. आपल्यापैकी कुणाला असं म्हणता येत असेल त्याने पुढे यावं. कुणी गेलं नाही. सर स्वतःही गेले नाहीत.

हौसाबाई सुरुवातीला लाजल्या. पदर तोंडाला लावून बसल्या. पण आमचे हात बघितल्यावर त्यांची भीड चेपली. तासाभरात त्या ओळीने फिरून एकेकाला सुधारत होत्या. दोरा ओढू नको, त्याला येऊ दे. कळीला धरू नको, नुसती टेकव. सर मागे उभं राहून हे सगळं वहीत उतरवून घेत होते. निखिलजवळ आल्यावर हौसाबाईंनी त्याच्या गजऱ्याकडे बराच वेळ बघितलं, मग मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू राहू दे, बाळा."

त्या दिवशी आमचं सगळं डिपार्टमेंट गजरे माळून राउंडला गेलं. पुरुष वॉर्डातल्या एका आजोबांनी सिस्टरना विचारलं, कुणाचं लग्न आहे का.

दुसऱ्या वर्षी वरून एक नवीन फॉर्म आला. रेसिडेंट ऑपरेशन करताना त्याचं कौशल्य कसं आहे ते प्रमुखांनी त्यावर नोंदवायचं. इंग्रजीत रकाने, प्रत्येकासमोर एक ते पाच आकडे, एकाला गोल करायचा. सरांना हा प्रकार मनापासून आवडला. इतकी वर्षं आपण जे करतो ते आता सगळ्या देशात होणार या कल्पनेनेच ते हरखले. फक्त गोल करणं त्यांना पुरेसं वाटेना. ते प्रत्येक रकान्यापुढे मराठीत लिहू लागले, आणि जागा संपली की मागे.

माझा पहिला फॉर्म मी चोरून वाचला. शरीरातल्या नाजूक भागांना आदराने हाताळते का, या रकान्यापुढे लिहिलेलं, "आदर आहे. पण लांबच्या नातेवाइकांबद्दल असतो तसा. जवळ जायला घाबरते." सहायकांकडून काम करून घेणे, यापुढे, "सहायकाची वारंवार माफी मागते. सहायक गोंधळतो." निखिलच्या फॉर्मवर वेळ आणि हालचालींची काटकसर या रकान्यात फक्त एक शब्द होता, "दिलदार."

वर्षाच्या शेवटी हे फॉर्म बघून पुण्याहून एक तपासणीस आले. त्यांनी सभ्यपणे सांगितलं, की डॉक्टर, आम्हाला निबंध नकोत, आकडे द्या. सर म्हणाले, आकडे तर माझ्याकडे भरपूर आहेत, चला. तपासणीसांना कपडे बदलायला लावून त्यांनी ओटीत आणलं, माझं ऑपरेशन दाखवलं, हळू आवाजात मोजणी ऐकवली. तपासणीस भिंतीला टेकून, हातातल्या पेनचं टोपण काढत-घालत, भान हरपून बघत राहिले. शेवटी सर म्हणाले, "सोनावणे, एकतीस. साहेब, तुमचे सत्तेचाळीस."

फॉर्मवर मराठी शेरे चालतील असं नंतर कळवण्यात आलं.

त्याच सुमाराला निखिलचं लग्न झालं, कल्याणला. सर दुसऱ्या रांगेत. निखिल मंगळसूत्राचा फासा लावायला लागला तेव्हा मंडपात शांतता होती, त्यामुळे मागून आलेलं "उगाच चार" भटजींनाही ऐकू गेलं. त्याहून मोठा घोळ पुढे झाला. नवरानवरीच्या शेल्या-उपरण्याची गाठ मारताना करवलीची बोटं अडखळली, तर निखिलने मदत म्हणून स्वतःच मारली. सवयीने सर्जनची गाठ मारली. संध्याकाळी ती कुणाला सुटेना. सासरची, माहेरची, शेजारची माणसं झटली. शेवटी सर आले, गाठ उलटसुलट करून बघितली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा निखिलची पाठ थोपटली. "उत्तम. ही सुटायची नाही. कात्री आणा."

असं सगळं हसण्यावारी चाललेलं. एक दिवस मात्र वेगळा होता.

तिसऱ्या वर्षी एका बाईंच्या पित्ताशयाचं ऑपरेशन मी करत होते. सकाळची पहिली केस. सर स्टुलावर. आकडा बारावर होता, मी मनातून फुशारलेले. आणि एका क्षणी काहीतरी तुटलं, आणि बघता बघता सगळं लाल झालं. कुठून येतंय ते दिसेना. मी चिमट्याने आंधळेपणाने चाचपायला लागले.

मागचं मोजणं थांबलं.

"चिमटा ठेवा," सर म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा हळू. "बोटाने दाबा. तिथेच. आता काहीही करू नका."

मी दाबलं. सर स्टुलावरून उतरून हात धुवायला गेले, जाता जाता विचारलं, "डब्यात काय आणलंय आज?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "भेंडी," मी म्हटलं.

हात धुता धुता त्यांनी विचारलं कोरडी की रस्सा. कोरडी म्हटल्यावर विचारलं चिरून धुता की धुऊन चिरता. मी सांगत गेले. तेवढ्यात म्हात्रे सिस्टरांनी शोषणनळी जागेवर लावली, भुलेच्या देसाई मॅडमनी रक्त मागवलं, सर गाऊन घालून समोर उभे राहिले. "आता बोट हळूच उचला," ते म्हणाले. मी उचललं. रक्तवाहिनीचं टोक स्पष्ट दिसत होतं. त्यांनी हात पुढे केला नाही. मीच ती पकडली, मीच बांधली.

बाई आठव्या दिवशी चालत घरी गेल्या. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी मी सरांना विचारलं होतं, आज किती झाले. त्यांनी फॉर्म भरता भरता मान वर न करता सांगितलं, की आज मोजायचं राहून गेलं.

मी परीक्षा पास झाले आणि तिथेच ज्युनिअर सर्जन म्हणून राहिले. निखिलही राहिला. सरांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं.

एका सोमवारी सरांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. बुधवारी रिकाम्या आहात का, विचारलं. मी म्हटलं हो, कोणती केस. ते म्हणाले, हर्निया, उजवीकडचा, वय चौसष्ट, गृहस्थ जरा हट्टी आहेत. मी विचारलं, पेशंट कुठे आहे.

"हा काय," ते म्हणाले.

वर्षभर त्यांना हर्निया होता आणि राउंडला ॲप्रनच्या खिशातून हात घालून ते तो दाबून धरत होते. आम्ही सगळे सर्जन, कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हात्रे सिस्टरच्या आलं. त्यांनीच दम दिला होता.

मुंबईतल्या मोठमोठ्या सर्जनना सरांनी एकेकाळी शिकवलेलं. कुणीही धावत आलं असतं. मी तसं सुचवलं. सर म्हणाले, त्यांचे हात मी बरीच वर्षं बघितलेले नाहीत, तुमचे रोज बघतो.

संमतिपत्रावर नातेवाइकाची सही लागते. क्लार्कने कागद पुढे केला तर सरांनी ती जागा मोकळी सोडली. क्लार्क म्हणाला, कुणीतरी लागेलच, सर. मग म्हात्रे सिस्टरांनी पेन घेतलं आणि सही ठोकली. पुढे नातं लिहायचा रकाना. त्यांनी सरांकडे बघितलं. सर थोडा विचार करून म्हणाले, लिहा, हत्यारं देतात. मला तेव्हा ते गमतीचं वाटलेलं. दिवसभर आम्ही ते सगळ्यांना सांगत होतो.

बुधवारी देसाई मॅडमनी पाठीतून भूल दिली. कमरेखाली बधिर, वर टक्क जागे. झोपेचं औषध त्यांनी नाकारलं. त्यांच्या छातीपाशी हिरवा पडदा लावला. पडद्याच्या एका बाजूला मी, निखिल आणि सिस्टर, दुसऱ्या बाजूला सरांचं डोकं आणि देसाई मॅडम. आता मोजणार म्हणून आम्ही श्वास धरून होतो.

पडद्यामुळे त्यांना काही दिसत नव्हतं, तरी हत्यारांचे आवाज ऐकून त्यांनी विचारलंच, "सिस्टर, कात्री तिसऱ्यांदा?"

"तुमी गप पडा," म्हात्रे सिस्टर म्हणाल्या.

ओटीत सरांना असं कुणी बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. पडद्यापलीकडून पुढे खरोखरच आवाज आला नाही. मी काम करत गेले. माझे हात मला स्वतःलाच शांत वाटले. पाऊण तासात झालं. मी पलीकडे गेले आणि झालं म्हणून सांगितलं. सर म्हणाले, बरं.

नंतर चहा पिताना देसाई मॅडमनी सांगितलं, की सिस्टरांनी गप केल्यापासून शेवटपर्यंत सरांनी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता. मॅडमनी सगळ्या नोंदी डाव्या हाताने केल्या. तो कागद अजून कुणाला वाचता येत नाही.

त्यांना स्पेशल रूम दिलेली. त्यांनी ती नको म्हटलं आणि पुरुष वॉर्डात दारापाशीची कॉट मागितली. आम्हाला वाटलं साधेपणा. हर्नियाचा पेशंट दुसऱ्या दिवशी घरी जातो. गुरुवारी मी घरी सोडायचा कागद केला, तर सर म्हणाले, पोटात जरा गुडगुडतंय. शुक्रवारी म्हणाले, उभं राहिलं की गरगरेल असं वाटतं. गरगरत नव्हतं, गरगरेल असं वाटत होतं. शनिवारी त्यांचा डावा खांदा धरला. निखिल बिचारा तपासण्यांची यादी करायला लागला.

आणि तिकडे वॉर्डात सर मी कधी पाहिले नव्हते इतके खूष होते. समोरच्या काकांना ते संत्र्याची साल एका तुकड्यात कशी काढायची ते शिकवत. वॉर्डबॉय मामा चादर बदलायला आले की कोपरे कसे दुमडायचे यावर दोघांची चर्चा. संध्याकाळी भेटायच्या वेळेत दुसऱ्यांच्या नातेवाइकांशी गप्पा. कुणाच्या तरी नातीने त्यांच्या पावडरच्या डब्यावर घराचं चित्र काढलेलं.

रविवारी म्हात्रे सिस्टरांनी मला लिननच्या खोलीत ओढलं. "घरा जाऊन काय करतीन ते?" त्या म्हणाल्या.

मग सांगितलं. सरांनी लग्न केलं नाही. मोठी बहीण, कुसुमताई, तीही बिनलग्नाची, शाळेत शिकवायची. दोघं डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये जन्मभर एकत्र राहिली. मागच्या वर्षी ताई गेल्या. सरांनी एका दिवसाची रजा घेतली होती. सिस्टर सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. मी तो दिवस आठवायचा प्रयत्न केला, मला आठवला नाही.

सोमवारी सकाळच्या राउंडला सर कॉटवर ताठ बसले होते. कपडे घडी करून ठेवलेले. जखम अगदी स्वच्छ होती.

"सोनावणे, आज सोडणार का?"

मी विचारलं, काही त्रास होतोय का. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने चार दिवस खोटं बोलून काढलेले, आता त्यांचा साठा संपला होता.

"नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, मग अजून दोन दिवस ठेवते. आणि केसपेपरवर खरं ते लिहिलं, की घरी बघायला कुणी नाही, म्हणून ठेवले. सरांनी सवयीप्रमाणे पेपर मागून घेतला, वाचला. मला वाटलं रागावतील. त्यांनी पेन काढलं आणि माझ्या सहीखाली तारीख घालायची राहिली होती ती घातली.

बुधवारी दुपारी मी आणि निखिलने त्यांना त्याच्या गाडीतून डोंबिवलीला पोचवलं. घर आरशासारखं स्वच्छ. दाराशी चपलांच्या फळीवर बायकी चपलांचा एक जोड, पुसून ठेवलेला. आम्ही पाणी पिऊन उठणार, तर सरांनी स्वतः चहा टाकला, त्यात साखर दोनदा घातली, आणि आरामखुर्चीत सावकाश बसले. पंख्याचा आवाज येत होता.

"ताईला बोलायला माणूस लागायचं," ते म्हणाले. "सारखी बडबड. मी पेपर पुढे धरायचो. मला वाटायचं, मला नाही लागत."

निखिलने कप खाली ठेवला. मग तो सांगायला लागला, की डोंबिवलीत पार्किंग फारच कठीण झालंय, मगाशी तीन फेऱ्या माराव्या लागल्या. मी म्हटलं, कल्याणला त्याहून कठीण. तो म्हणाला, कल्याणचं मला सांगू नकोस. सर दोघांकडे आळीपाळीने बघत होते. हळूहळू त्यांची मान खुर्चीच्या पाठीवर टेकली, डोळे मिटले, तोंड किंचित उघडं पडलं.

आम्ही बोलायचं थांबवलं. निघावं म्हणून मी पर्स उचलली. तशा त्यांच्या पापण्या हलल्या.

मी पर्स खाली ठेवली. निखिलकडे बघितलं. तो म्हणाला, आणि ठाण्यात तर विचारूच नको. मी विचारलं, का, ठाण्यात काय झालं. पापण्या स्थिर झाल्या.

संध्याकाळचे पाच वाजेपर्यंत आम्ही दोघं पार्किंगवर बोलत बसलो.